डिस्क ब्रेक, फोर्क आणि पुढचं चाक : काय तपासायचं आणि कसं

पुढचा डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्याशी बसवलेली चकती दोन बाजूंनी पॅडने पकडणारा ब्रेक, दाबला की तो चाक थांबवतो आणि त्याच क्षणी ते चाक फोर्कमधून (पुढच्या चाकाला धरणाऱ्या दोन पायांच्या दांड्यातून) खाली ढकलतही असतो. चांगल्या सायकलवर, नीट बसवलेल्या चाकावर, दर वेळी हे घडतं. आपल्याला जाणवत नाही, कारण चाक आवळून धरणारी पकड त्या धक्क्यापेक्षा मोठी असते. पकड सैल असेल तर मात्र चाक हलायला लागतं, आणि तेही नेमकं जोरात ब्रेक मारताना, म्हणजे उताराला.

आपल्याकडे आता कमी किमतीच्या सायकलींवरही डिस्क ब्रेक येतात. मुलाला पहिली गिअरची सायकल घेताना ‘डिस्क आहे का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. पण चाक फोर्कला कशानं धरलं आहे, हे फारसं कोणी विचारत नाही. हा सगळा लेख त्या एका प्रश्नावर आहे.

बळ कुठून येतं

थोडा हिशेब करू, कारण तो एकदा डोक्यात बसला की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरा. कोरड्या डांबरी रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, तर टायरवर रस्त्याचं मागे ओढणारं बळ साधारण ५० ते ५५ किलो वजनाइतकं असतं. हे बळ आसापासून, म्हणजे अ‍ॅक्सलपासून, सुमारे ३४ सेंटिमीटरवर काम करतं. १६० मिलिमीटरच्या डिस्कला पॅड पकडतात ते आसापासून जेमतेम ७ सेंटिमीटरवर. अंतर साडेचार-पाच पटींनी कमी, म्हणून पॅडला लागणारं बळ तितक्याच पटींनी जास्त. ते जातं २५० किलो वजनाच्या आसपास.

आता दिशा पाहा. कॅलिपर, म्हणजे पॅड ज्यात बसतात तो भाग, जवळजवळ सगळ्या सायकलींवर फोर्कच्या डाव्या पायाच्या मागच्या बाजूला असतो. सायकल पुढे जाताना चाकाचा मागचा भाग वर चढत असतो. पॅड त्याला अडवतात, म्हणजे डिस्कला खाली दाबतात. आणि फोर्कची खाच, जिच्यात आस बसतो, तीही खालीच उघडी असते. बळाची दिशा फोर्कला अगदी समांतर नसल्यामुळे आकडा थोडा कमी करा. रस्ता चाकाला वर रेटतो, त्याचा अर्धा वाटा डाव्या बाजूला येतो, तोही वजा करा. तरी डाव्या खाचेतून आस बाहेर काढू पाहणारं दीडशे-दोनशे किलोचं बळ उरतं. उजव्या बाजूला मात्र असं काहीच नाही. त्यामुळे चाक सुटायला लागलं तर आधी डावीकडून तिरकं होतं.

रिम ब्रेकमध्ये हा प्रश्न नव्हता. तिथे पॅड चाकाच्या कडेलाच पकडतात, त्यामुळे बळ जवळजवळ टायरवरच्या बळाइतकंच राहतं आणि त्याची दिशा मुख्यतः मागे असते. क्विक रिलीजची, म्हणजे दांडी मिटून चाक आवळण्याची, रचना त्या काळातली आहे. ब्रेक बदलला, चाक धरण्याची पद्धत मात्र अनेक वर्षं तीच राहिली.

२००३ मध्ये जेम्स अ‍ॅनन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हा हिशेब जाहीरपणे मांडला. चाक सुटलं की ‘स्वाराने क्विक रिलीज नीट लावलं नसणार’ असं म्हणून विषय संपवला जायचा. त्यांचं म्हणणं होतं की नीट लावलेलंही सैल होऊ शकतं. ब्रेक मारला की आस खाली सरकू पाहतो, खड्डा आला की वर. ही वर-खाली, म्हणजे आसाच्या लांबीला आडवी, हालचाल नटाला हळूहळू फिरवत नेते. नट-बोल्टच्या जोडात अशी आडवी सरक झाली की आटे आपोआप सुटतात, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवलंच होतं. पुढे काही उत्पादकांनी खाचेचं तोंड पुढच्या बाजूला वळवलं, काहींनी कॅलिपरची जागा बदलली, आणि शेवटी थ्रू अ‍ॅक्सल, म्हणजे फोर्कच्या बंद भोकातून जाणारा जाड दांडा, रूढ झाला. पण जुन्या रचनेचे लाखो फोर्क अजून रस्त्यावर आहेत, आणि कमी किमतीत आजही नवे विकले जातात.

पहिली पायरी : तुमचं चाक कशानं धरलंय ते बघा

सायकलसमोर खाली बसा आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, दोन्ही टोकांकडे नीट बघा. तीनपैकी एक प्रकार दिसेल.

दोन्ही बाजूंना षट्कोनी नट असतील तर ती साधी नट-अ‍ॅक्सलची सायकल. एका बाजूला दांडी, दुसऱ्या बाजूला हाताने फिरणारा नट आणि मधून आरपार गेलेली बारीक सळई असेल तर ते क्विक रिलीज. आणि फोर्कच्या टोकाला खालून उघडी खाच नसून पूर्ण गोल भोक असेल, त्यातून बोटाएवढा जाड दांडा जाऊन पलीकडच्या आट्यांत बसत असेल, तर तो थ्रू अ‍ॅक्सल. रोड आणि ग्रॅव्हल सायकलींवर तो बहुधा १२ मिलिमीटरचा असतो, माउंटन बाइकवर १५ चा, डाउनहिलच्या फोर्कवर २० चा.

थ्रू अ‍ॅक्सलमध्ये वर सांगितलेलं बळ असतंच, पण आसाला बाहेर पडायला वाट नसते. दांडा थोडा सैल झाला तरी चाक खाली घसरत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) की केबलचा ब्रेक, या फरकापेक्षाही मोठा.

दुसरी पायरी : खाच आणि तिची कड

चाक काढा आणि खाच उलटसुलट बघा. खाचेच्या बाहेरच्या बाजूला, टोकाशी, एक-दोन मिलिमीटरची उभारलेली कड किंवा खोलगट बशी दिसेल. दांडी चुकून उघडी राहिली तरी चाक लगेच खाली पडू नये, म्हणून ती कड असते. तिच्यामुळेच दर वेळी नट काही फेरे सोडल्याशिवाय चाक निघत नाही. हा त्रास नको म्हणून काही जण ती कानशीने घासून टाकतात. डिस्क ब्रेकच्या फोर्कवर हे कधीही करू नका. जुनी सायकल घेताना ही कड घासलेली दिसली, तर तो फोर्क घेऊ नका.

कडेवर पूर्ण भरवसाही नको. नट कडेच्या उंचीपेक्षा जास्त सुटला की ती काही धरू शकत नाही.

खाचेच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागावर ग्रीस, तेल किंवा रंगाचा जाड थर नसावा. हबच्या आणि नटच्या तोंडावर बारीक दाते असतात, ते फोर्कच्या धातूत रुतले तरच पकड येते. रंगाचा थर दाबाखाली पिचतो आणि दोन-चार दिवसांत पकड सैल होते. नव्या सायकलला पहिल्या आठवड्यात पुन्हा आवळायला सांगतात, त्याचं एक कारण हेच.

आणखी एक गोष्ट पातळ पत्र्याच्या खाचेच्या फोर्कवर विशेष बघा. चाक खाचेत बसवल्यावर आसाचं टोक फोर्कच्या बाहेरच्या पृष्ठभागापेक्षा आतच राहायला हवं. ते जरा जरी बाहेर डोकावत असेल, तर दांडी फोर्कला न आवळता आसाच्या टोकालाच आवळते. हाताला घट्ट लागतं, पण चाकाला पकड मिळालेलीच नसते.

तिसरी पायरी : क्विक रिलीज नीट लावणं

चाक दोन्ही खाचांत पूर्ण वर गेलंय, डिस्क दोन पॅडच्या मध्ये शिरली आहे, याची खात्री करा. मग सायकल सरळ जमिनीवर उभी करा, हँडलवर थोडं वजन टाका, म्हणजे आस खाचेत पूर्ण वरपर्यंत बसेल. सायकल तिरकी टेकवून किंवा चाक हवेत लटकत ठेवून लावू नका.

सळईच्या दोन्ही टोकांना शंकूसारख्या छोट्या स्प्रिंगा असतात. त्यांची निमुळती बाजू हबकडे हवी. उलट बसली तर ती मध्ये अडकते आणि पकड खोटी होते.

आता एका हाताने दांडी उघडी धरा आणि दुसऱ्या हाताने पलीकडचा नट फिरवत जा. मध्येच दांडी बंद करून बघा. ती सळईच्या सरळ रेषेत, म्हणजे सायकलपासून काटकोनात बाहेर आलेली असताना हाताला विरोध जाणवायला लागला पाहिजे. तिथून पुढे बंद करायला तळहाताचा जोर लागावा आणि तळव्यावर दांडीचा ठसा क्षणभर उमटावा. कडीच्या डब्याची कडी बसते तशी ती शेवटी एका टप्प्यावरून पलीकडे जाऊन बसते. दोन बोटांनी बंद झाली तर सैल आहे : दांडी उघडा, नट थोडा आवळा, पुन्हा बंद करा. अर्ध्यातच अडली आणि पुढे जाईना, तर नट थोडा सोडा.

दांडी धरून नटासारखी गोल-गोल फिरवत आवळणं ही मला सायकलींवर सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. दांडीच्या मुळाशी एक कॅम, म्हणजे मध्यापासून बाजूला सरकलेला गोल तुकडा, असतो. दांडी दाबून मिटली तरच तो सळई ताणतो. नुसत्या फिरवण्याने त्या ताणाचा थोडासाच भाग मिळतो. रिम ब्रेकवर इतकं कदाचित चालूनही गेलं असेल, डिस्कवर चालणार नाही.

बंद दांडीचं तोंड वर किंवा मागे असू द्या. पुढे असेल तर झुडपात किंवा गर्दीत दुसऱ्या सायकलीत अडकून उघडू शकते. बऱ्याच दांड्यांवर एका बाजूला ‘उघडं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘बंद’ असा शिक्का असतो. ‘बंद’ बाहेरून दिसला पाहिजे. नटावर सळईचे किमान पाच-सहा पूर्ण फेरे चढलेले हवेत. सळई त्याहून आखूड पडत असेल तर ती त्या हबची नाहीच.

सळई विकत घेताना कॅम आत झाकलेला, पोलादी सळई आणि पोलादी दातांचा नट असलेली घ्या. हलक्या वजनाच्या, कॅम उघडा दिसणाऱ्या, रंगीत अ‍ॅल्युमिनियमच्या सळया त्याच जोराने बंद केल्या तरी बरीच कमी पकड देतात. काही ग्रॅम वाचवायची ही जागा नव्हे.

चौथी पायरी : दांडी आणि डिस्क यांतली जागा

हा धोका वेगळा आहे. एप्रिल २०१५ मध्ये ट्रेक या सायकल कंपनीने अमेरिकेत सुमारे ९ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २००० ते २०१५ या काळातल्या मॉडेलवरची पुढची क्विक रिलीज दांडी खूपच मागेपर्यंत उघडत होती. ती उघडी राहिली तर चालत्या डिस्कमध्ये अडकून चाक एकदम थांबण्याची किंवा सुटण्याची शक्यता होती. नोंदवलेल्या तीन अपघातांपैकी एकात स्वाराचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्याच वर्षी पुढे इतर अनेक कंपन्यांनीही तशाच दांड्यांसाठी सायकली परत बोलावल्या.

घरी तपासायला एक मिनिट पुरतं. दांडी पूर्ण उघडा, जाईल तितकी मागे न्या, आणि चाक हळूहळू फिरवत दांडी आणि डिस्क यांच्यामध्ये साधी पेन्सिल जाते का बघा. किमान ६ मिलिमीटर फट हवी. पेन्सिल जात नसेल तर ती सळई बदला.

याच कारणासाठी डिस्कच्या सायकलवर दांडी उजव्या बाजूला, म्हणजे डिस्कच्या विरुद्ध, लावावी असं माझं मत आहे. दुकानातून सायकल बऱ्याचदा डावीकडे दांडी असलेली येते. सळई काढून उलटी घालायला दोन मिनिटं लागतात. घाट उतरल्यावर डिस्क इतकी तापलेली असते की बोट भाजतं. दांडी पलीकडे असली की हात त्या बाजूला जातच नाही.

पाचवी पायरी : जागेवरच्या आणि रस्त्यावरच्या चाचण्या

आधी सायकल थोडी उचलून पुढचं चाक हवेत धरा आणि टायरवर वरून तळहाताने दोन-तीन धपके द्या. खडखड आली, चाक हललं, तर पुढे जाऊ नका. मग चाक जमिनीवर टेकवून पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि सायकल पुढे-मागे रेटा. एका हाताची बोटं खाच आणि हब यांच्या सांध्यावर डाव्या बाजूला ठेवा. तिथे ‘टक्’ असा धक्का जाणवला तर आस सरकतोय. धक्का वर, हँडलच्या खाली जाणवला तर तो हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) सैल असल्याचा. तोही दुरुस्त करायचाच, पण तो वेगळा विषय.

यानंतरची चाचणी जास्त बोलकी आहे. रिकाम्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेगात जाऊन पुढचा ब्रेक जोरात पण हळूहळू वाढवत पाच-सहा वेळा मारा. थांबून चाक फिरवून बघा. आधी मोकळी फिरणारी डिस्क आता पॅडला घासत असेल, किंवा चाक फोर्कच्या मधोमध न राहता किंचित तिरकं झालं असेल, तर आस डाव्या खाचेत सरकला आहे. डिस्क घासू लागली की बहुतेक जण कॅलिपरचे बोल्ट सोडून तो पुन्हा मध्ये आणतात. आधी चाक बघा. दर दोन-तीन फेऱ्यांनी कॅलिपर नव्याने जुळवावा लागत असेल, तर कॅलिपर निर्दोष असून चाक सरकत असण्याचीच शक्यता जास्त.

नट आणि फोर्क यांच्यावर मिळून नेलपॉलिशची किंवा मार्करची एक बारीक रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पिकअपच्या हौद्यात, बसच्या टपावर किंवा गाडीच्या कॅरिअरवर सायकल नेली की ही रेघ पाहूनच निघा. चाकं बहुतेक वेळा प्रवासासाठीच काढली जातात आणि निघायच्या घाईत परत लावली जातात. चाक बाहेर असताना पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी किंवा जाड पुठ्ठा घालायला विसरू नका. हायड्रॉलिक ब्रेकची दांडी चुकून दाबली गेली तर पॅड एकमेकांना चिकटतात, आणि मग डिस्क आत जाईना म्हणून चाक तिरकंच बसवलं जातं.

नट आणि थ्रू अ‍ॅक्सल

नट-अ‍ॅक्सलला बहुधा १५ मिलिमीटरचा पाना लागतो. पक्कड वापरू नका, नटाचे कोपरे गोल होतात. नटाखाली आकडा असलेला वॉशर असतो, तो आकडा फोर्कच्या छोट्या भोकात बसलाच पाहिजे. दुसरी पकड तीच. हे वॉशर पंक्चर काढताना हरवतात आणि साधे वॉशर लागतात. मुलांच्या सायकलवर मी सगळ्यात आधी हेच बघते. दोन्ही नट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा.

थ्रू अ‍ॅक्सलवर किती टॉर्क (आवळण्याचा जोर) द्यायचा ते बहुधा छापलेलं असतं; १२ ते १५ न्यूटन-मीटर नेहमी दिसतो. आट्यांना हलकं ग्रीस लावा. हाताने सहज फिरायला हवा. सुरुवातीलाच अडला तर आटे तिरके पकडलेत, जोर लावू नका.

फोर्क स्वतः

रिम ब्रेकच्या फोर्कवर ब्रेकचं बळ वर, जाड भागात शिरतं. डिस्कमध्ये तेच बळ एकट्या डाव्या पायाच्या टोकाशी, सगळ्यात बारीक जागी, पिळून येतं. म्हणून डिस्कचे फोर्क खाली जाड आणि कडक असतात. जुन्या फोर्कला वेल्डिंग करून कॅलिपरची पट्टी जोडून देणारे कारागीर मिळतात, आणि नळीला बाहेरून क्लॅम्पने बसणारे जोडही विकत मिळतात. वेल्डिंग कितीही सुबक असलं तरी खालची नळी त्या कामासाठी बनलेलीच नाही, आणि उष्णतेने ती आणखी कमजोर झालेली असते. डिस्क हवी असेल तर डिस्कसाठी बनलेला फोर्क घ्या.

फोर्कवर डिस्क किती मोठी चालेल याची मर्यादा ठरलेली असते. गंमत अशी की मोठ्या डिस्कवर चाक बाहेर ढकलणारं बळ तितक्याच ब्रेकिंगला उलट कमी असतं, कारण पॅड आसापासून लांब पकडतात. पण मोठ्या डिस्कने मुळात जास्त जोरात ब्रेक मारता येतो आणि कॅलिपरखालचा जोड लांबतो, म्हणून १८० ची मर्यादा असलेल्या फोर्कवर २०३ ची डिस्क लावू नका.

महिन्यातून एकदा फोर्क पुसून उजेडात बघा. कॅलिपर बोल्टने जिथे बसतो त्या कानांभोवती, खाचेच्या वेल्डिंगला आणि वर जिथे दोन पाय एकत्र येतात तिथे. रंगात केसासारखी रेघ, गंजाची बारीक धार किंवा सस्पेन्शनच्या खालच्या नळीवर पांढुरकी चीर दिसली की ती सायकल उभी करा. रेघ रंगाची आहे की धातूची, हे नखाला कळत नसेल तर धातूचीच समजा. कार्बन फोर्कवर नाण्याने हलकेच टकटक करा. एका ठिकाणी आवाज बद्द झाला तर जाणकाराला दाखवा. कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटरवर असतात, शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या सहा बोल्टच्या डिस्कचे २ ते ४ वर. डिस्कवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तोही जुळवून घ्या. शिमानोची नवी डिस्क १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ पर्यंत झिजली की बदलायची.

घाटात

सिंहगड, वरंध किंवा आंबेनळी उतरायच्या आधी वर थांबून दांडीवर हात ठेवा, टायरवर धपके द्या, रेघ बघा. उतारात दोन्ही ब्रेक वापरा, पण पुढचा सोडून देऊ नका. ‘पुढचा दाबला तर चाक निघेल’ या भीतीने फक्त मागच्यावर घाट उतरणं जास्त धोक्याचं आहे, कारण मागचं चाक लगेच घसरतं आणि थांबायला अंतर कितीतरी जास्त लागतं. मध्ये कुठे चाकातून कर्रकर्र असा नवा आवाज आला, हँडल डावीकडे ओढू लागलं किंवा डिस्क अचानक घासू लागली, तर कडेला थांबा. डिस्कला हात न लावता आधी दांडी बघा. डिस्क थंड होऊ द्या, मग चाक सोडून पुन्हा पहिल्यापासून बसवा. एकदा नीट बसवूनही त्याच उतारात ते पुन्हा सैल झालं, तर उरलेला घाट पायी उतरा आणि ती सळई परत वापरू नका.

सायकल घेताना

नवी डिस्कची सायकल घेणार असाल आणि बजेट जरा ताणता येत असेल, तर जास्त गिअरपेक्षा थ्रू अ‍ॅक्सलवर पैसे घाला. ते जमत नसेल तर नट-अ‍ॅक्सल किंवा क्विक रिलीजची सायकलही वर्षानुवर्षं नीट चालते, फक्त वरच्या पायऱ्या तिला लागतात. दुकानात चाक एकदा तुमच्यासमोर काढून पुन्हा लावायला सांगा, मग तुम्ही स्वतः लावा. मुलासाठी घेत असाल तर त्यालाही लावायला सांगा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दांडी नीट दाबून मिटता येत नसेल, तर त्या सायकलला नट-अ‍ॅक्सल बरा. जुनी सायकल असेल तर कड घासलेली नाही ना, पेन्सिल जाते ना, कॅलिपरच्या कानांना चीर नाही ना, आणि फोर्क मुळातच डिस्कसाठी बनलेला आहे ना, एवढं बघून मगच भावाचं बोला.